मदत हवी आहे: भंगारातून बनवलेल्या शोभेच्या घड्याळ-मनोऱ्याचा घुमट सुटतोय

मनोरा पाच फुटी. 8 मिमी सळईचा सांगाडा, त्यावर चिकन मेश (बारीक तारेची जाळी), 1:3 सिमेंट-वाळूचा गिलावा आणि फुटक्या कपबश्यांचे तुकडे. तबकडीला सायकलची रिम, काटे चमच्यांचे. घुमट मात्र ॲल्युमिनियमच्या पातेल्याचा, आणि घोळ तिथेच आहे. ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला खातं; काठावर पांढरी भुकटी धरलीय, बोटभर गिलावा फुगून सुटलाय.

कपबश्यांचे तुकडेही निघतात, पण मागूनही चकाकी असलेलेच; गुळगुळीत पाठीवर सिमेंट धरत नाही. ते ग्राइंडरने खरवडून बसवता येतील.

घुमटाचं काय? काठाला इपॉक्सीचे (दोन भाग मिसळून लावायच्या रेझिनचे) दोन हात देऊन पुन्हा गिलावा करावा, की रबराची पट्टी घालून नुसता बोल्टने आवळावा? मनोरा पावसात उघड्यावरच राहणार. दोन वेगळे धातू ओलाव्यात भिडले की स्टेनलेस बोल्टाजवळ ॲल्युमिनियम पुन्हा खराब होणार, मग नायलॉनचा वॉशर पुरेल का?