डॉट इन सोडून डॉट कॉम घेतलं तर गुगलवर फरक पडतो का?

मसाला_डबा:
घरगुती मसाले विकणारी साइट डॉट इनवर आहे. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं, पण आता अमेरिकेत आणि दुबईलाही माल पाठवायचा आहे. डॉट कॉम घ्यावं की डॉट शॉप? पत्त्यात ‘शॉप’ आलं की साइट वर येते, असं ऐकलंय.

सर्व्हर_काका:
‘शॉप’ने काही होत नाही. नव्या एक्स्टेन्शनमधल्या, म्हणजे पत्त्यातल्या शेवटच्या डॉटनंतरच्या, शब्दाला शोधात जादा गुण नाहीत, हे गुगलने २०१५ मध्येच सांगितलंय. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट शॉप सगळी एकाच पंक्तीत. नूतनीकरणाचा दर मात्र आधी बघा. पहिल्या वर्षीच्या स्वस्ताईवर जाऊ नका.

फरक पडतो तो देशाच्या एक्स्टेन्शनने. डॉट इन म्हणजे साइट भारतातल्या लोकांसाठी, असं गुगल धरतं. पुण्या-नाशिकच्या शोधात ते सोयीचंच. न्यूजर्सीत कोणी काळा मसाला शोधला तर तेच आड येतं. सर्च कन्सोल, म्हणजे साइटमालकांसाठीचं गुगलचं मोफत साधन, त्यातूनही ते बदलता येत नाही. डॉट आयओ, डॉट एआय ही नावाला देशांची, पण गुगल त्यांना जेनेरिक, म्हणजे कुठल्याच देशाची नसलेली, मानतं. डॉट इनला ती सवलत नाही.

रीडायरेक्ट३०१:
परदेशी विक्री नक्की असेल तरच हलवा, आणि मग डॉट कॉमवरच. साइट हलवताना नुकसान होतं ते बहुतेकदा अर्धवट रीडायरेक्टमुळे, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर आपोआप वळवणं अपुरं राहिल्यामुळे. प्रत्येक जुन्या पानाचा ३०१, म्हणजे कायमचा रीडायरेक्ट, त्याच्याच नव्या पानावर हवा. सगळी पानं होमपेजवर ढकलली तर गुगल त्यांना सॉफ्ट ४०४, म्हणजे नसल्यात जमा असलेली पानं, समजतं, आणि जुन्या लिंकांची पुण्याई वाया जाते. जुन्या डोमेनवर (साइटच्या पत्त्यावर) रोबोट्स फाइलने बंदी घालू नका, नाहीतर क्रॉलरला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गुगलच्या प्रोग्रामला, रीडायरेक्ट दिसतच नाही. कॅनॉनिकल टॅग (पानाचा मुख्य पत्ता सांगणारी खूण), आतल्या लिंका आणि साइटमॅप (पानांची यादी) नव्या पत्त्याचे करा. मग दोन्ही डोमेन एकाच खात्यातून पडताळून सर्च कन्सोलमध्ये ‘चेंज ऑफ अ‍ॅड्रेस’ द्या.

रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा. जुनं डोमेन तर सोडूच नका, दुसरा कोणी घेऊन बसेल. डिझाइन त्याच आठवड्यात बदललं तर घसरण कशामुळे झाली ते कळणार नाही. आणि हे काम दिवाळीच्या तोंडावर अजिबात नको. काही आठवडे क्रमवारी हलतेच.

मसाला_डबा:
आणि डॉट भारत? मराठी नाव पत्त्यात छान दिसेल.

सर्व्हर_काका:
दिसेल खरंच, आणि गुगल देवनागरी पत्ते नीट वाचतं. पण तेही देशाचंच एक्स्टेन्शन. शिवाय काही ॲपमध्ये पेस्ट केलं की ‘एक्सएन’ने सुरू होणारं न वाचता येणारं रूप उमटतं, आणि बरेच फॉर्म असा ईमेल पत्ता घेत नाहीत. हवं तर घेऊन ठेवा, पण ३०१ने मुख्य डोमेनवर वळवा. ऑर्डरचा ईमेल डॉट कॉमवरूनच जाऊ द्या.