मार्चमध्ये जांबुघोड्याला तंबू : अस्वलांचं काय?

प्रश्न : धुळवडीनंतर आईबाबांना भेटायला बडोद्याला, दांडिया बाजारात येतोय. दोन मुलं, चौघांचा तंबू. जांबुघोडा अभयारण्यात एक रात्र राहता येईल का?

उत्तर १ : येईल, पण वनखात्याच्या कॅम्पसाइटवरच आणि आधी बुकिंग करून. बडोद्याहून साधारण ७० किमी. मार्चमध्ये मोह फुलतो. फुलं रात्रीपासून पहाटेपर्यंत गळतात आणि तीच खायला अस्वलं येतात. म्हणून मोहाखाली तंबू कधीच नको, सावली कितीही छान असली तरी! खाणं, टूथपेस्ट, साबण गाडीत, काचा बंद. अंधारात मुलांना एकटं सोडू नका. अस्वलाला नीट दिसत नाही. अचानक समोर आलात तर ते घाबरून हल्ला करतं. टॉर्च लावून, बोलत चाला.

उत्तर २ : जमीन कडक असते, तंबूसोबतच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात. आठ इंची लोखंडी घ्या, हातोडीसकट. पाणी माणशी पाच लिटर. शेकोटी नकोच, पानगळीचा पाचोळा क्षणात पेटतो.

उत्तर ३ : दादा, आजीआजोबांनाही न्यायचं तर दिवसाची सहल चांपानेरची करा, वाटेतच आहे. जामी मशीद सकाळी दहाच्या आत पाहा, नंतर दगड तापतात. वढवाणा तलाव यंदा राहू द्या. मार्च सरता सरता बहुतेक पाहुणे पक्षी परततात. तो डिसेंबर-जानेवारीत. पळस मात्र आत्ताच पाहून घ्या.