विकीवर माझं एडिट उडवलं, परत टाकू का?

नवखा_संपादक:
परवा रात्री बसून एका पानाची पूर्ण डागडुजी केली, शुद्धलेखन सुधारलं, दोन परिच्छेद नव्याने लिहिले, तक्ता खालून वर आणला, एका विभागाचं नाव पण बदललं आणि सगळं एकदमच सेव्ह केलं. सकाळी बघतो तर सगळं उलटवलेलं, कारण काय तर "गरज नव्हती". डोकंच फिरलं, मी परत टाकलं, त्याने परत काढलं. आता पुन्हा टाकू का? चूक कोणाची यात?

खोडरबर:
नको टाकूस. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर 24 तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवाउलटवी केली तर ब्लॉक होऊ शकतोस, आणि तीन म्हणजे हक्काचा कोटा पण नाही, दोनदा करून अडून बसलास तरी लोकं वैतागतातच. एकदा बिनधास्त बदल केला ते ठीकच, विकी असतंच त्यासाठी, पण कोणी उलटवला की पुढचं पाऊल चर्चा पानावर, म्हणजे त्या पानाला जोडलेलं संपादकांनी आपापसात बोलायचं पान असतं तिथे.
बाकी मला विचारशील तर खरी गडबड "एकदमच सेव्ह" मध्ये आहे. पानाच्या इतिहासात जाऊन तुझा फरक (बदलाआधीचा आणि नंतरचा मजकूर, बदललेलं रंगवून दाखवलेला) उघडून बघ, तक्ता हलवल्यामुळे अर्धं पान रंगलेलं दिसेल आणि त्यात तू नक्की काय सुधारलंस ते शोधायला समोरच्याला दुर्बीण लागेल. मग तो एक न पटलेली गोष्ट काढायला सगळंच उलटवतो. शुद्धलेखन वेगळं सेव्ह कर, तक्ता वेगळा, नवीन मजकूर संदर्भासकट वेगळा.

पहारेकरी:
+1. आणि सेव्ह करताना काय बदललं ते लिहायचा सारांशाचा रकाना असतो, त्यात काय लिहिलं होतंस रे? "बदल केले" असेल तर त्याचा काही उपयोग नाही, ते तर दिसतंच आहे. "तक्त्यात एकच ओळ दोनदा आली होती, एक काढली" असं लिहिलं की फरक न उघडताही कळतं. परिच्छेद नव्याने लिहून "छोटा बदल" वर टिक केली असशील तर मात्र कठीण आहे, तसं बघितलं की माणसाला वाटतं काहीतरी लपवतोय.
अजून एक, विभागाचं नाव बदललंस म्हणतोस, तर दुसऱ्या पानांवरून थेट त्या विभागाला दिलेल्या लिंका तुटतात, पान उघडतं पण नुसतं वरच येऊन थांबतं. हे भल्याभल्यांना माहीत नसतं.

मधला_मार्ग:
सगळे त्यालाच का झोडताय? उलटवणाऱ्याने पण "गरज नव्हती" एवढंच लिहून पळ काढला ना. शुद्धलेखन तरी ठेवायचं होतं, सरसकट उलटवणं हे तोडफोड करणाऱ्यांसाठी राखून ठेवावं. पण तरी त्याचा हेतू वाईटच होता असं धरून चालू नकोस, पहाऱ्याच्या सूचीत (लक्ष ठेवायच्या पानांच्या यादीत) पन्नास पानं असली की माणूस घाईत एक बटण दाबून मोकळा होतो.

नवखा_संपादक:
चर्चा पान आत्ता पहिल्यांदा उघडलं. तक्ता खालीच ठेवायचा यावर तिथे आधीच लांबलचक वाद होऊन गेलाय 🤦 सारांशात मी काहीच लिहिलं नव्हतं, रिकामा होता. शुद्धलेखन तेवढं वेगळं टाकलं, अजून तरी टिकलंय, आणि परिच्छेदांबद्दल चर्चेत विचारलंय. सही करायला विसरलो तर ती पण कोणीतरी मागून येऊन लावून गेलं.