सातवीच्या गणिताला टॅबलेट कसा वापरावा?

प्रश्न: आमच्या वर्गात ४० मुले असून टॅबलेट दहाच मिळाले आहेत, ते गणिताच्या तासाला कसे वापरावेत, हे अनुभवी शिक्षकांनी कृपया सांगावे.

उत्तर १: चौघांत एक द्यावा आणि जिओजेब्रा या गणिताच्या ॲपमध्ये त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने सरकवायला सांगावा, म्हणजे कोन बदलूनही त्यांची बेरीज १८० अंशच राहते हे मुलांना स्वतः दिसते. कोन जवळच्या पूर्णांकांत दाखवले, तर बेरीज कधी १७९ किंवा १८१ भरते. माझ्या वर्गात खरी चर्चा रंगली ती त्यावरच!

उत्तर २: बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडचे साहित्य दीक्षा ॲपवर मिळते, मात्र ते आदल्या दिवशीच उतरवून ठेवावे, कारण नेट ऐनवेळी दगा देते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. वर्गात सॉकेट एकच आहे, त्यामुळे चार्जिंग कार्यालयातच करावे लागेल.