संहिता हवी म्हणतात, मानधनाचं बोलत नाहीत

धर्मकाटा_इंदूर:

नमस्कार मंडळी. आजवर इथं नुसतं वाचत आलो, धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी इंदूरचा. राहतो सुदामा नगरात, दिवसभर देवास नाक्यावर एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे बिल्ट्या (मालाच्या पावत्या), भाडं, हम्माली यांचा हिशेब बघतो. नाटक लिहितो पहाटे, कारण रात्री घरात टीव्ही असतो आणि दुपारी डोक्यावर शेठ. आधी दोन एकांकिका झाल्या, कॉलनीच्या गणपतीत. मागच्या वर्षी पहिलं दोन अंकी पुरं केलं. एका धर्मकाट्यावरची, म्हणजे मालाच्या गाड्या तोलायच्या काट्यावरची, एक रात्र आहे. सोयाबीनची गाडी दोनदा तोलली जाते, दोन पावत्यांवर दोन वजनं येतात आणि कोणती पावती फाडायची यावरून काटेवाला, त्याची बहीण, शेठचा मुनीम आणि भिंडचा एक ड्रायव्हर उजाडेपर्यंत भांडतात. ड्रायव्हर हिंदी बोलतो, बाकीचे आपली इंदुरी मराठी. म्हणजे 'काय करून राहिलास' वगैरे.

इथल्या एका हौशी ग्रुपने ते बसवलं. सगळे नोकरीवाले, म्हणून तालमी रामबागेतल्या एका हॉलमध्ये रात्री आठनंतर. दिग्दर्शक म्हणाले, लेखकाचं काम झालं, आता रंगीत तालमीला या. मी तरी रोज मागच्या खुर्चीवर जाऊन बसायचो. पहिल्या अंकात बहिणीला एक लांब वाक्य होतं, माझं फार लाडकं. ते म्हणता म्हणता तिला चहाचे ग्लास विसळायचे असतात. ग्लास संपायचे, वाक्य संपायचं नाही, आणि मुलगी बिचारी धुतलेलेच ग्लास परत विसळत बसायची. ते वाक्य तिथल्या तिथं अर्धं केलं. उलट मुनिमाला दोन ओळी वाढवून द्याव्या लागल्या, कारण केबिनमधून काट्याच्या प्लॅटफॉर्मपर्यंत चालत जाताना त्याच्या तोंडी काहीच नव्हतं, नुसती चपलांची फटफट. हे लिहिताना कुठं दिसतं?

प्रयोग बरे झाले. मानधन म्हणाल तर शाल, श्रीफळ आणि निवेदनात नाव. त्याबद्दल कुरकुर नाही, हॉलचं भाडं, लाइटवाला, सेटचा टेम्पो हे सगळं त्या लोकांनी खिशातून घातलेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

आता मुद्दा. खानदेशातल्या एका संस्थेचा फोन आला. कुणीतरी त्यांना माझी संहिता पाठवली (कुणी, ते अजून कळलं नाही). महाराष्ट्राच्या राज्य नाट्य स्पर्धेत करायचं म्हणतात. मी हवेतच. मग एकेक बाहेर आलं. मानधन 'स्पर्धेत बसत नाही', पण 'तुमचं नाव होईल'. ड्रायव्हर मराठी बोलणारा करायचा. शेवट बदलायचा, कारण तो 'पोचत नाही'. आणि स्टॅम्प पेपरवर ना-हरकत पत्र हवंय, ज्याचा मसुदा त्यांनीच पाठवलाय. त्यात एक ओळ आहे: 'सदर संहितेचे सर्व हक्क संस्थेकडे राहतील.'

वडील म्हणतात, पैसे मागशील तर नाटकच करणार नाहीत, पहिलं आहे, देऊन टाक. बायको म्हणते, ट्रान्सपोर्टमध्ये भाडं न ठरवता गाडी सोडतोस का? दोघंही बरोबर वाटतात, म्हणून इथं विचारून राहिलो. मानधन मागावं का, किती, आणि बदलांचं काय करावं? शिवाय एक मित्र म्हणतो इंदुरात बसून काही व्हायचं नाही, पुण्याला जा. त्यावरही कुणाला बोलायचं असेल तर बोला.


टवाळ_मोरू:

वाचतोय. मानधन किलोवर घ्या, काटा तुमचाच आहे.


पडद्याआडची_मावशी:

मोरू, तू गप्प बस जरा.

बाळा, मी इंदूरचीच, लोकमान्य नगरची. कित्येक वर्षं विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग केलं, मग स्वतः लिहायला लागले, तेव्हा मला मावशी म्हटलंस तरी चालेल.

मानधन माग. त्यात लाजायचं काय? 'स्पर्धेत बसत नाही' ही थाप आहे. नेपथ्याच्या फळ्या ठोकणाऱ्या सुताराला कुणी सांगत नाही की तुझं नाव होईल. मेकअपवाला, प्रकाशवाला, टेम्पोवाला, सगळे आपापले पैसे घेऊन जातात. लेखक तेवढा फुकटात मिळतो, कारण तो मागत नाही. मी हौशी संस्थेकडून प्रयोगाला हजार रुपये घेते. फार नाही, मला माहितेय. पण प्रयोगामागे घेते, एकरकमी कधीच नाही. एकरकमी घेतलं की पुढचे प्रयोग कुठं झाले ते वर्तमानपत्रातून कळतं. पहिल्या प्रयोगाचे पैसे संमतिपत्र देतानाच घ्यायचे, पुढचे ज्या त्या प्रयोगाच्या दिवशी. आणि प्रयोग कधी, कुठं, ते आधी कळवायचं असंही पत्रात घालायचं.

बदलांचं जरा सावकाश बोलते, कारण खरी खेच तिथंच आहे आणि ती तुझ्या हातात आहे, तुला फक्त माहीत नाही. महाराष्ट्रात नाटक करायचं तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. मंडळ मुंबईला. अर्जाबरोबर संहिता जाते, ते वाचतात, काही खटकलं तर काटतात, आणि मग जी संहिता मंजूर झाली तीच रंगमंचावर व्हायला हवी. मागाहून मोठे बदल केले तर पुन्हा त्यांच्याकडे जावं लागतं. म्हणून मंडळाकडे जाणारी प्रत तू स्वतः तयार करायची, पानोपान सही करून. जे बदल तुला पटले ते तिच्यात तुझ्या हाताने आलेले असतील, जे पटले नाहीत ते नसतील. मग तालमीत कुणाला स्फुरण चढलं तरी दिग्दर्शकच म्हणेल, थांबा रे, प्रमाणपत्र या प्रतीचं आहे.

ड्रायव्हर अजिबात बदलू नकोस. भिंडचा माणूस धर्मकाट्यावर शुद्ध मराठी बोलायला लागला तर पहिल्या पाच मिनिटांत नाटक खोटं पडेल. परीक्षक मराठी नाटकात हिंदी ऐकून गुण कापतील अशी भीती असते संस्थांना. आणि खानदेशात हिंदी बोलणारा नट मिळत नाही हे निदान मला तरी कुणी सांगू नये, भुसावळच्या फलाटावर उभे राहा म्हणावं.

शेवटाचं मात्र ऐकून घे. 'पोचत नाही' हे दिग्दर्शक दोन कारणांनी म्हणतो. एक, त्याला टाळ्या हव्या असतात. दोन, खरंच पोचत नसतो. पहिलं असेल तर ठाम राहा. दुसरं असेल तर तो तुझ्यावर उपकार करतोय. इंदूरच्या प्रयोगांना शेवटी लोक कधी उठले? पडदा पडल्यावर, की आधीच चप्पल शोधायला वाकले? तू मागच्या खुर्चीवर बसणारा आहेस, तुला आठवत असेल.

आता पुण्याचं. बिल्टीची नोकरी सोडू नकोस, तुझं नाटक तिथूनच आलंय. इंदुरात प्रेक्षक नाही असं म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. सानंद या आपल्या इथल्या मराठी संस्थेचे सभासद पाच गटांत आहेत, मुंबईचं नाटक आलं की खंडवा रोडच्या विद्यापीठाच्या सभागृहात तेच नाटक शनिवार-रविवारी सगळ्या गटांना दाखवतात. एवढा जाणता मराठी प्रेक्षक महाराष्ट्राबाहेर कुठं मिळेल मला सांगा! गंमत एवढीच की हाच प्रेक्षक मुंबईच्या नाटकाला वर्गणी भरतो आणि आपल्या पोरांच्या नाटकाला पास मागतो. बाबा डिके आणि राहुल बारपुते यांच्या नाट्यभारतीच्या, म्हणजे इंदूरच्या जुन्या नाट्यसंस्थेच्या, आठवणी आमच्या पिढीला सांगायला फार आवडतात, मलाही आवडतात, पण त्या सांगणाऱ्यांनी तुझ्या नाटकाचं तिकीट काढलं असतं तर तुला शाल मिळाली नसती, पैसे मिळाले असते. असो, हे लिहायचं नव्हतं.


कलम_एकोणीस:

मी पुण्यात वकिली करतो, पुस्तकांचे करार बघतो, नाटकवाले अधूनमधून येतात. मावशींच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, फक्त कागदाचं जोडतो.

त्या मसुद्यावर सही करू नका. हजार नव्हे, दहा हजार देतो म्हणाले तरी नाही. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ चा आहे. त्याप्रमाणे तुम्ही नाटक लिहिलंत तेव्हाच हक्क तुमचा झाला. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, हवी असल्यास फी ५०० रुपये आहे आणि पुढे वाद झाला तर पुरावा म्हणून ती कामाला येते. हक्क तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे तुम्ही जी ओळ लिहून द्याल ती तुमच्या नातवंडांनाही बांधील.

हक्क देऊ नका, परवानगी द्या, आणि ती लेखीच द्या. या स्पर्धेचे प्रयोग, या संस्थेकडून, मराठीत, अमुक तारखेपर्यंत. तारीख आणि प्रदेश नक्की घाला. कलम १९ म्हणतं की मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर सगळा भारत. परवानगीलाही हीच कलमं लागू होतात. निष्काळजीपणे लिहिलेल्या चार ओळींनी पाच वर्षं नाटक दुसऱ्याच्या कपाटात पडलेलं मी पाहिलंय. एक वर्ष वापरलं नाही तर हक्क आपोआप सुटतो अशी तरतूद आहे खरी, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. आणि वेगळं लिहिणारे असतातच.

तुमच्या कॉलनीच्या गणपतीबद्दल एक गोष्ट, कारण लोकांना ती माहीत नसते. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर नाटक केलं तर तो हक्काचा भंग होत नाही, कायद्यातच तशी सूट आहे (कलम ५२). म्हणून गणपतीत कुणी न विचारता तुमची एकांकिका केली तर नाराज व्हा, नोटीस पाठवू नका. राज्य नाट्य स्पर्धेत मात्र नाममात्र का होईना, तिकीट असतं. तिथं ही सूट चालत नाही, तुमची परवानगी लागतेच.

शिवाय कलम ५७. लेखक म्हणून तुमचं नाव लावण्याचा अधिकार, आणि तुमच्या लौकिकाला बाध येईल अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा अधिकार, हे दोन्ही हक्क विकल्यावरही तुमच्याकडेच राहतात. शेवट परस्पर बदलला तर याचा आधार आहे. पण कोर्टापेक्षा मावशींची पानोपान सही स्वस्त पडेल.


सुरसागर:

बडोद्याहून. दांडिया बाजारात राहतो, हौशी नट आहे, लेखक नाही.

दोन गोष्टी पत्रात घालायला विसरू नका. पहिली, भाषांतर. आमच्याकडे मराठी नाटक बघायला गुजराती मंडळीही येतात, आणि आवडलं की 'आपण हे गुजरातीत करू' ही चर्चा गांधी नगरगृहाच्या बाहेर चहा प्यायला उभं असतानाच सुरू होते. भाषांतराचा हक्क वेगळा, त्याचे पैसे वेगळे. दुसरी गोष्ट यूट्यूब. आजकाल प्रत्येक संस्था प्रयोगाचं शूटिंग करते, आठवणीसाठी म्हणून, आणि कुणीतरी उत्साहाने अख्खं नाटक टाकून देतो. मग पुढच्या संस्थेला लेखकाची गरजच उरत नाही, मोबाइल थांबवत थांबवत संवाद उतरवून घेतात. आमच्या ओळखीच्या एका लेखिकेचं असंच झालं, आणि वर उतरवणाऱ्याने चुका केल्या त्या तिच्या नावावर. दोन-तीन मिनिटांची झलक चालेल, पुरं नाटक नाही, असं स्पष्ट लिहा.

ड्रायव्हर हिंदीच ठेवा हो. आमच्याकडे तो आला तर तिसऱ्या वाक्याला गुजराती बोलायला लागेल, ते सोडा.


धर्मकाटा_इंदूर:

सगळ्यांचे आभार. मावशी, तुम्ही लोकमान्य नगरच्या आणि मला माहीतच नाही, एकदा येऊन भेटतो.

काल फोन केला. वकील साहेबांनी सांगितल्याप्रमाणे माझं पत्र मीच लिहिलं आणि वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही, मला वाटलं फोन कटला. मग म्हणाले, प्रयोगाला हजार जमेल, 'आधी कुणी मागितले नव्हते'. यूट्यूबचं लगेच मान्य. ड्रायव्हर हिंदी राहणार, त्यांच्याकडे बँकेतला एक उत्तर भारतीय आहे, नाटकात यायला एका पायावर तयार. सर्व हक्कांची ओळ काढली.

शेवटावर अडलंय. मावशी, तुमच्या चपलेच्या प्रश्नाने झोप उडवली. आठवून पाहिलं. पहिल्या प्रयोगाला वाकले होते लोक, बहीण पावती चुलीत टाकते त्याच्याही आधी. म्हणजे दिग्दर्शकांचं अगदीच खोटं नाही. पण त्यांनी सुचवलेल्या शेवटात पोलीस येतात, आणि माझ्या नाटकात पोलीस आले तर आधीचा सगळा दीड तास फुकट गेला. मी म्हटलं, मी येतो, तालीम बघतो, मग तिसरा काहीतरी शेवट लिहितो, आणि तोवर प्रत मंडळाकडे पाठवू नका. ते तयार आहेत. शुक्रवारी रात्रीची सेंधव्यावरून जाणारी बस धरतो, सोमवारी सकाळी कामावर हजर. शेठला सांगितलंय, लग्नाला जातोय.

आता एवढंच सांगा, बसभाडं त्यांच्याकडून मागू का? आणि दोन दिवसांत तालमीत नेमकं काय बघू?


पडद्याआडची_मावशी:

बसभाडं माग, आणि मुक्काम कुणाच्या तरी घरी कर, लॉजवर नको. रात्री जेवताना नट जे बोलतात ते तालमीत दिग्दर्शकासमोर बोलत नाहीत.

पहिल्या दिवशी काही सुचवायचं नाही, नुसतं बघायचं. बहिणीचं काम करणारीला शेवटाबद्दल एकटीला विचार, पावती टाकताना तिला काय वाटतं. आणि प्रॉम्प्टरशी गट्टी कर. तिची प्रत मागून घे. कुठल्या ओळी नटांना सुटतात तिथं ती फुल्या मारते, आणि दिग्दर्शकाने काय काय गुपचूप बदललंय तेही पेन्सिलीने तिथंच लिहिलेलं असतं. प्रत द्यायला का-कू केली तर समज, पोलीस आधीच आलेत.