रडू येणं म्हणजे खचणं नव्हे

ताई, यजमान जाऊन वर्ष होत आलं तरी लोकलमध्ये अचानक रडू येतं, म्हणजे आपण खंबीर नाही, असं तुम्ही लिहिलंत. मला हे अजिबात पटत नाही. बाबा गेल्यावर माझी आई सकाळी बँकेत वारसाचे कागद भरायची, विजेच्या बिलावरचं नाव बदलायला रांगेत उभी राहायची. आणि संध्याकाळी दादर स्टेशनबाहेर भाजी घेताना हात आपसूक कारल्यांकडे गेला की तिचे डोळे भरून यायचे. आमच्याकडे कारली फक्त बाबाच खायचे. तिला कमकुवत कोण म्हणेल?

मार्गारेट स्ट्रोबे आणि हेन्क शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये हेच मांडलं होतं: माणूस दुःख आणि नव्याने घडी बसवणं यांत ये-जा करत राहतो, आणि ती ये-जा हाच सावरण्याचा भाग असतो. तेव्हा 'आता पुरे' म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका.

मात्र झोप, जेवण, कामावर जाणं असं सगळंच अडायला लागलं, तर एकटीने सोसू नका. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतून बोलता येतं.