एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण खराब करणारा आजार): पाऊल घासायला लागल्यावर थांबायचं की रेटायचं?

उंबरठा: रिलॅप्सिंग-रेमिटिंग एमएस (आजाराचे झटके येतात, मधे उतरतात), वय ३८, आठ महिन्यांत नवा झटका नाही. उजवा चवडा नीट उचलला जात नाही. दहा मिनिटं चालणं बरं होतं, मग चप्पल फरफटते, डोळ्यांपुढे धूसर होतं. बसल्यावर अर्ध्या तासात सगळं पूर्ववत. 'मेंदू नवे मार्ग शोधतो, रोज अर्धा तास चालाच' असा सल्ला मिळालाय. नागपूरच्या मे महिन्यात अर्धा तास गाठायचा कसा?

टाच-चवडा: तुकड्यांत गाठायचा. दहाव्या मिनिटाला पाय घासतो ना, मग सातव्यालाच बसा. तीन मिनिटं विश्रांती, असे चार फेरे. चालणं २८ मिनिटं होतं. मेंदू उजळणी होईल तेच पक्कं करतो, चुकीचंसुद्धा. चवडा उचलेनासा झाला की माणूस कंबर वर ओढून पाय बाहेरून गोल फिरवतो. रेटून चाललात तर उरलेली वीस मिनिटं सराव त्या चालीचाच. आठवडाभर एकदाही घासलं नाही, तर फेरी एका मिनिटाने वाढवा. वेग तोच ठेवा.

शिवाय खुर्चीत बसून, टाच जमिनीला टेकवून फक्त चवडा वर: १० वेळा, दोनदा. पाऊल आत वळायला लागलं की तिथेच थांबा, दहा पुरे करायचा हट्ट नको. त्याआधी पोटरीला ३०-६० सेकंद ताण द्या. पोटरी आखडलेली असली तर चवडा उचलणाऱ्या स्नायूची सगळी ताकद तिच्याशी झगडण्यातच जाते.

वाळा: धूसर दिसणं हा उथॉफचा प्रकार, म्हणजे अंग तापलं की लक्षणं तात्पुरती वाढणं; उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये नोंदवलेला. मायलिन (तंतूवरचं आवरण) गेलेल्या तंतूत अर्ध्या अंशाच्या उष्णतेनेही संदेश अडतो. नवी इजा नसते, गार झालं की उतरतं. पहाटे किंवा घरातच कूलरसमोर चाला, आधी गार पाणी प्या, मानेवर ओला पंचा ठेवा. (कोरड्या हवेत पंचा झकास काम करतो, मुंबईच्या दमटात नुसता चिकटतो.) लघवीच्या घाईला घाबरून पाणी तोडू नका. मूत्रमार्गाचा संसर्ग झाला की पाय आणखी जड होतात.

उंबरठा: घोट्याचा स्प्लिंट (चवडा उचलून धरणारा आधार) घातला तर मेंदू आळशी होईल का?

टाच-चवडा: बाजारात, लग्नात, लांब अंतराला घाला, पडून हाड मोडलं तर सरावच बंद. सराव मात्र काही मिनिटं विनास्प्लिंट, भिंतीलगत.

वाळा: एक भर. नाडीवर विसंबू नका, एमएसमध्ये ती कधी कधी श्रमाइतकी वाढत नाही. चालताना वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढा जोर पुरे. आणि मेंदू काम दुसऱ्या भागांकडे सोपवतो हे खरं, पण व्यायामाने गेलेलं मायलिन परत येईल या आशेवर औषध बंद करू नका. ताप किंवा संसर्ग नसताना नवी कमजोरी २४ तासांहून जास्त टिकली, तर व्यायाम थांबवून न्यूरॉलॉजिस्टला फोन.